दोनशे ग्रॅमचा हिशेब

सांगलीच्या वखारभागातील त्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. तीन पिढ्यांचा हा नियम आहे आणि घरातल्या कुत्र्यालाही तो लागू आहे. मोतीला संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास दूध-भाकरी मिळते. मग तो उंबरठ्याशी आडवा होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे एक डोळा उघडा ठेवून पाहत राहतो. मोती काही कुलीन जातीचा नव्हे. एका पावसाळ्यात मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्पीमागे सापडलेले ते पिल्लू नातवाने शर्टात गुंडाळून घरी आणले आणि ‘दोन दिवस राहू दे’ म्हणता म्हणता त्याला पाच वर्षे झाली. वजन 12 किलो. हे वजन पुढे महत्त्वाचे ठरणार आहे, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

घरचा धंदा बेदाण्याचा. सांगली आणि तासगावच्या सौद्यांत या पेढीचे नाव जुने आहे. घरातले कर्ते आप्पा आज 74 वर्षांचे आहेत. मूठभर बेदाणा तळहातावर पसरला की माल कोणत्या भागातला, शेडवर किती दिवस वाळला, गंधकाची धुरी कमी पडली की जास्त झाली, शीतगृहातून केव्हा बाहेर काढला, हे ते न चाखता सांगतात. त्यांच्या आयुष्यात बेदाणा हा शब्द नेहमी शुभ अर्थानेच आला. प्रसादात बेदाणा, बाळंतिणीला बेदाणा, अशक्त मुलाला रात्री भिजवून सकाळी बेदाणा. या फळाने कोणाचे अहित होईल, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. शिवण्याचे कारणही नव्हते.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने एक नवा माल बाजारात आणला. पुण्याच्या एका कारखान्यातून बेदाण्याला डार्क चॉकलेटचे आवरण चढवून घ्यायचे, 400 ग्रॅमच्या देखण्या डब्यात भरायचे आणि दिवाळीत गिऱ्हाइकांना व आडत्यांना भेट म्हणून पाठवायचे. पेढे-बर्फीच्या पुड्यांची जागा आता चॉकलेटच्या डब्यांनी घेतली आहे. व्यापारी घरांत दिवाळीला असे दहा-पंधरा डबे तरी जमतात. आप्पांनी आधी नाक मुरडले. ‘चांगल्या बेदाण्याला झाकायचे कशाला?’ असा त्यांचा प्रश्न होता. पण मागणी आली तेव्हा त्यांनी कारखान्याशी बोलून प्रमाण स्वतः ठरवून दिले: शंभर किलो मालात साठ किलो चॉकलेट आणि चाळीस किलो बेदाणा.

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पहाटे निर्वाणलाडूसाठी सारे घर मंदिरात गेले होते आणि संध्याकाळी दुकानात वहीपूजन होते. नातीला किंचित ताप होता, म्हणून सात वर्षांची नात आणि अकरा वर्षांचा नातू एवढे दोघेच घरी राहिले. शेजारच्या काकूंना मुलांवर लक्ष ठेवायला सांगितले होते. मुहूर्त गाठण्याच्या घाईत सव्वापाचला गाडी निघाली. मोतीची भाकरी सूनबाईंनी घातली असेल असे आक्कांना वाटले, आणि आक्कांनी घातली असेल असे सूनबाईंना. मोती उपाशी राहिला.

साडेसहाला, सूर्यास्त होऊन अर्धा तास उलटल्यावर, नातवाने दिवाणखान्यातला एक डबा फोडला. त्याने दोन मुठी खाल्ल्या, बहिणीला एक दिली. घरात रात्री खाणे नाही, हे त्याला नीट ठाऊक होते. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आकाशात बाण उडू लागले, म्हणून दोघे जिन्याने वर धावले. डबा टीपॉयवर उघडाच राहिला. अर्ध्या तासाने ती खाली आली तेव्हा मोतीचे तोंड डब्यात होते. नातवाने त्याला हुसकावले, उरलेला माल डब्यात भरला आणि डबा पुस्तकांच्या कपाटामागे सारून दिला. कुत्र्याच्या पोटात काय गेले याची त्याला भीती नव्हती. ते घातक असते हे त्याला माहीतच नव्हते. आपण रात्री खाल्ले, एवढीच त्याची भीती होती.

साडेआठला मंडळी परतली, तेव्हा मोती घरभर फेऱ्या मारत होता. जीभ बाहेर, धाप लागलेली, डोळे विस्फारलेले. पाण्याचे भांडे रिकामे. ‘फटाक्यांना घाबरला आहे,’ असे सर्वांनीच म्हटले, आणि त्यात चुकीचे काय होते? दिवाळीच्या रात्री गावातली निम्मी कुत्री अशीच धापा टाकत पलंगाखाली दडतात. कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, इतकी ती फसवी आहे. फटाक्याला भ्यालेला जीव कोपरा शोधतो, अंग चोरून बसतो. मोती बसतच नव्हता. तो कोपऱ्यात जाई आणि लगेच उठून चालू लागे. तीन-चारदा त्याने दारातच लघवी केली. पाच वर्षांत असे कधी झाले नव्हते. पण सणाच्या गडबडीत ही नोंद कोणी घेतली नाही.

नऊ वाजून दहा मिनिटांनी मोतीने आक्कांच्या पायाशी ओकारी काढली. तपकिरी पाणी, आणि त्यात फुगलेले दोन-तीन दाणे. आयुष्यभर बेदाण्याच्या घरात राहिलेल्या आक्कांना तो काय आहे हे सांगावे लागले नाही. ‘याने बेदाणा कुठला खाल्ला?’ त्यांनी विचारले, आणि नातवाला रडू कोसळले.

त्यानंतरची पाच मिनिटे घराघरांत होते तशीच गेली. एकाने मिठाचे पाणी पाजा म्हटले, शेजारच्या काकूंनी दूध-तूप सुचवले, कोणी घशात बोट घालून पाहा म्हणाले. आक्कांनी मीठ विरघळवायलाही घेतले होते. सूनबाईंनी मोबाइलवर पाहून एवढेच सांगितले की चॉकलेट कुत्र्याला विषासारखे असते. नेहमीचे पशुवैद्य दिवाळीसाठी गावी गेले होते, दुसरीकडे फोन वाजत राहिला, तिसऱ्या ठिकाणी मिरज रस्त्यावरच्या दवाखान्यातील डॉक्टरीण बाईंनी फोन उचलला. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती न करायची: मिठाचे पाणी देऊ नका, त्याने रक्तातले मीठ वाढून कुत्रे चॉकलेटाआधी मिठाने जाऊ शकते. दूध, तूप, ताक यांपैकी कशानेही हे विष उतरत नाही. घरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. कुत्रे थरथरू लागले असेल तर ओकारी फुप्फुसांत जाते. ‘थोडा वेळ वाट पाहू’ असेही म्हणू नका. मग त्यांनी चार प्रश्न विचारले. काय खाल्ले? किती खाल्ले? किती वाजता? कुत्र्याचे वजन किती?

चार प्रश्नांपैकी एकाचेच उत्तर घरात नव्हते, आणि ते फक्त नातवाजवळ होते.

थोरला मुलगा गाडी काढायला गेला होता. सूनबाई मुलावर ओरडणार, एवढ्यात आप्पांनी हात वर केला. त्यांनी कपाटामागून डबा आणायला सांगितले आणि घरात नमुने तोलायला ठेवलेला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा टेबलावर मांडला. डब्यात 140 ग्रॅम माल उरला होता. म्हणजे 260 ग्रॅम गेला. ‘यातला तुम्ही दोघांनी किती खाल्ला?’ नातू मान खाली घालून गप्प. व्यापारी माणसाला अशा गप्प बसण्याचा अर्थ कळतो. ज्याचा ताळा जमत नाही तो कारकून असाच उभा राहतो. आप्पा म्हणाले, ‘कधी खाल्ले ते मी विचारलेले नाही, बाळ. किती खाल्ले एवढेच सांग. तुझ्या सांगण्यावर त्याचे औषध ठरायचे आहे.’ मग त्यांनी मुलाला डब्यात हात घालून पुन्हा तशीच मूठ भरायला लावली आणि ती काट्यावर ठेवली. 24 ग्रॅम. अशा दोन. नातीची चिमुकली मूठ 12 ग्रॅमची निघाली. एकूण 60. बाकी 200 ग्रॅम मोतीच्या पोटात. डब्याच्या झाकणाच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर आप्पांनी हे आकडे मांडले, त्याखाली प्रमाण लिहिले: चॉकलेट 120, बेदाणा 80. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांचा हिशेब पुरा झाला होता. याला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला नाही.

दवाखान्यात टेबलावर मोतीचे हृदय मोजून डॉक्टरीण बाईंनी ते झाकण हातात घेतले आणि क्षणभर आप्पांकडे पाहिले. इतका नेमका हिशेब घेऊन येणारे गिऱ्हाईक त्यांना क्वचितच भेटत असावे. लोक बहुधा ‘थोडेसे खाल्ले’ म्हणतात. आणि थोडेसे म्हणजे एक वडी की एक डबा, हे वैद्याला कुत्र्याकडून कळत नाही.

चॉकलेटात कोकोच्या बियांतून येणारे थिओब्रोमीन नावाचे द्रव्य असते, सोबत थोडे कॅफीन. माणसाच्या शरीरातून ते सहा ते दहा तासांत निम्मे होते. कुत्र्याच्या शरीरात निम्मे व्हायलाच सुमारे साडेसतरा तास लागतात. म्हणून आपल्याला तरतरी देणारी वस्तू कुत्र्याच्या हृदयाला पळवत राहते, आणि लक्षणे दोन-तीन दिवस टिकू शकतात. जितके चॉकलेट काळे व कडू, तितके द्रव्य अधिक. पांढऱ्या चॉकलेटात ते जवळजवळ नसते; दुधाच्या चॉकलेटात ग्रॅममागे सुमारे 2 मिलिग्रॅम, डार्क चॉकलेटात 5 च्या आसपास, केकसाठी वापरतात त्या बिनसाखरेच्या वडीत 14-15, आणि कोको पावडरीत 25 च्याही पुढे. डॉक्टरीण बाईंनी झाकणावरच पुढचा गुणाकार केला: 120 ग्रॅमचे 600 मिलिग्रॅम, 12 किलोने भागले की किलोमागे 50. किलोमागे 20 ला ओकारी, तहान, अस्वस्थता सुरू होते. 40 ते 50 ला हृदयाची लय बिघडू लागते. 60 च्या पुढे झटके. मोती मधल्या पायरीवर उभा होता. डबा सापडला नसता तर घरचे लोक ‘फटाके थांबले की शांत होईल’ म्हणून झोपी गेले असते.

‘साखरेऐवजी दुसरे काही नाही ना यात? शुगर-फ्री?’ त्यांनी विचारले. नव्हते. मधुमेही मंडळींसाठी बनणाऱ्या काही गोड पदार्थांत झायलिटॉल असते, आणि त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने कोसळते, यकृतही निकामी होऊ शकते. आपल्या घरांत मधुमेह आणि बिनसाखरेचे डबे दोन्ही पुष्कळ असल्याने हा प्रश्न येथे नोंदवून ठेवतो.

मोती अजून थरथरत नव्हता, शुद्धीवर होता, म्हणून त्याला उलटीचे इंजेक्शन दिले. चॉकलेट पोटात गोळा होऊन बराच वेळ राहते, त्यामुळे तीन तासांनंतरही उलटीचा उपयोग होतो. दहा मिनिटांत तपकिरी ढीग बाहेर आला. डॉक्टरीण बाई हातमोजे घालून त्यातले दाणे बाजूला करीत होत्या. ‘चॉकलेटचे मी पाहीन,’ त्या म्हणाल्या, ‘त्याचा हिशेब तरी मांडता येतो. मला खरी काळजी या बेदाण्याची आहे.’

आप्पांना वाटले, आपण काही तरी चुकीचे ऐकले. ‘बेदाण्याची?’

‘द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घाव घालतात, काका. आणि त्याला प्रमाण नाही. एखादे कुत्रे ताटभर खाऊन काहीही होत नाही, दुसऱ्याचे मूठभरात मूत्रपिंड बंद पडते. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर आता संशय आहे. आज त्याला काही दिसणार नाही. दिसलेच तर उद्या-परवा. आधी ओकाऱ्या, मग अन्न सोडतो, मग लघवी कमी होत होत थांबते.’

आप्पा खुर्चीवर बसले. त्या रात्री ते घरी गेले नाहीत. मोतीला शिरेतून सलाइन सुरू झाले, दर काही तासांनी पाण्यात कालवलेली औषधी कोळशाची पूड पाजली जात होती, कारण थिओब्रोमीन पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरते आणि कोळशाने त्याला तेथे धरून ठेवायचे असते. लघवी तुंबली तर मूत्राशयातूनही ते पुन्हा रक्तात शिरते. म्हणून दर दोन तासांनी त्याला मागच्या आवारात फिरवून आणायचे. हे काम आप्पांनी स्वतःकडे घेतले. बाहेर फटाके थांबत नव्हते. मोती जाग्यावरून हलत नसे. मुलाने हातात सलाइनची बाटली उंच धरायची आणि 74 वर्षांच्या माणसाने कुत्र्याला पोटाखाली हात घालून उचलायचे, असा तो प्रवास पहाटेपर्यंत सहा वेळा झाला. प्रत्येक वेळी लघवी झाली की आप्पा झाकणावर वेळ टाकीत.

सलाइनच्या थेंबांकडे पाहत बसलेल्या आप्पांना त्या रात्री दुसराच कुत्रा आठवत होता.

पंचवीस वर्षांपूर्वी पेढीचे एक गोदाम तासगावला होते. तेथे राजा नावाचा मोठा तांबडा कुत्रा राखणीला असे. गोदामात माल उतरताना, नमुने बघताना बेदाणा सांडतो. राजा तो वेचून खाई आणि त्याचे सर्वांना कौतुक होते. ‘मालकाचाच माल खातो, इमानी आहे,’ असे हमाल म्हणत. आप्पा स्वतः गोदामावर गेले की त्याच्यापुढे मूठ उघडीत. एके वर्षी माल भरायच्या हंगामात राजाने ओकाऱ्या काढल्या, दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, लघवी थांबली आणि चौथ्या दिवशी तो गेला. गोदामाचा राखणदार आणि राजा यांचे फारसे पटत नसे. राखणदाराकडे रात्री माणसे येत, राजा भुंके, आणि त्यावरून त्याने ‘याचा एकदा बंदोबस्त करतो’ असे चारचौघांत म्हटले होते. एवढा पुरावा आप्पांना पुरला. सौद्याच्या दिवशी, यार्डात, व्यापाऱ्यांच्या आणि हमालांच्या देखत त्यांनी त्याला ‘मुक्या जीवाला विष घालणारा’ म्हटले आणि कामावरून काढले. दीड महिन्याचा पगार राहिला होता, 2,100 रुपये. तो द्यायचा राहूनच गेला.

राजा कशाने मेला हे आता कोणालाही सांगता येणार नाही. बेदाण्याने मेला असेल, साप चावला असेल, खरोखर कोणी काही घातलेही असेल. पण डॉक्टरीण बाईंनी बोटांवर मोजून सांगितलेली लक्षणे आप्पांना एकेक करून ओळखीची वाटली होती. ते रात्रभर कुठेच न पोहोचता त्याच विचारात फिरत राहिले. दर वर्षी क्षमावाणीला पेढीकडून चारशे-साडेचारशे पत्रे जातात. गिऱ्हाइके, आडते, बँकेतले अधिकारी, वाहतूकदार. त्या यादीत हा माणूस पंचवीस वर्षांत एकदाही नव्हता.

मोतीचे पुढचे तीन दिवस रक्ताच्या एका आकड्यावर टांगलेले होते. क्रिएटिनीन पहिल्या रात्री 1.0, दुसऱ्या दिवशी 1.3, तिसऱ्या दिवशी 1.8. हा आकडा ऐकून घरात कोणी जेवले नाही, आणि नातू पाडव्याचे नवे कपडे न घालता दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. त्याला कोणी रागावले नव्हते. रागावले असते तर त्याला कदाचित बरे वाटले असते. आक्का त्याच्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, ‘तू डबा उघडा ठेवलास हे खरे. पण त्या दिवशी त्याची भाकरी आम्ही विसरलो नसतो, तर त्याने तोंड घातले नसते.’ बांधलेल्या जनावराचे अन्नपाणी तोडणे हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे, हे त्या घरात लहान मुलांनाही पाठ आहे. तो दोष त्या दिवशी मोठ्यांच्या नावावर पडला होता. आक्कांनी तो कोणाच्याही खाती वळता केला नाही. चौथ्या दिवशी आकडा 1.4 वर उतरला. मोतीने दहीभात चाटला. आठवड्याने तो पुन्हा उंबरठ्याशी आडवा झाला.

डब्यावर सूचना छापायची का, यावरून बापलेकांत जुंपली. मुलाचे म्हणणे, आपल्याच मालावर आपणच ‘घातक’ लिहिले तर माल घेणार कोण? आणि परदेशी चॉकलेटवाले तरी कुठे लिहितात? त्यात तथ्य नव्हते असे नाही; स्पर्धेत पहिला माणूस नेहमी तोटा सोसतो. शेवटी घटकद्रव्यांच्या खाली एक ओळ घालायचे ठरले. मुलाने ‘पाळीव प्राण्यांना देऊ नये’ असे लिहून आणले. आप्पांनी ‘प्राण्यांना’ खोडून ‘कुत्र्यांना’ केले, कारण मोघम सूचना कोणी वाचत नाही. आणि अक्षर वजनाच्या अक्षराएवढे ठेवायला लावले. पुढच्या हंगामाच्या डब्यांवर ती ओळ आहे.

दिवाळीनंतर सौदे सुरू व्हायच्या आधी आप्पा एकटे बसने तासगावच्या पुढच्या एका खेड्यात गेले. राखणदार हयात होता. डोळ्याला मोतीबिंदू, हातात काठी. आप्पांनी ओळख सांगितली तेव्हा त्याने ‘बसा मालक’ म्हटले आणि सुनेला पाणी आणायला सांगितले. आप्पांनी मोतीची गोष्ट सांगितली, बेदाण्याची सांगितली, आणि खिशातून पाकीट काढून पुढे ठेवले. 2,100 रुपये, दर साल 8 टक्के, चक्रवाढ, 25 वर्षे: 14,382 रुपये. हिशेबाचा कागद आत होता.

म्हाताऱ्याने पैसे सुनेकडून मोजून घेतले आणि बनियनच्या खिशात ठेवले. ‘घामाचं हाय, घेतो,’ तो म्हणाला. मग बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, ‘राजाला बेदाणं म्या बी घालत हुतो की वो. रोज राती. दोस्ती व्हावी म्हनून. मग त्ये इख म्याच घातलं म्हनायचं का?’

आप्पांजवळ याचे उत्तर नव्हते. ‘मीही घालत होतो,’ एवढेच ते म्हणाले.

निघताना म्हाताऱ्याने त्यांचा हात धरला. ‘पैशाचं झालं, मालक. पर तुमी त्ये यार्डात बोललावता. चार मान्सांत. माझ्या पोरीची सोयरीक मोडली त्या वर्सी. आता तितंच चार मान्सांत एकदा सांगा.’

सौदे सुरू झाले त्या दिवशी तासगावच्या यार्डात गर्दी होती. पंचवीस वर्षांपूर्वीचे व्यापारी आता फारसे उरलेले नाहीत. त्यांची मुले, नातू आहेत, आणि दोन-तीन जुने हमाल. पहिल्या ढिगाशी व्यापारी जमले होते, तेव्हा आप्पांनी ‘दोन मिनिटे’ म्हणून सर्वांना थांबवले. त्यांनी राखणदाराचे नाव पुरे घेतले, गावासकट. म्हणाले, ‘माझ्या गोदामातला कुत्रा यांनी मारला असे मी याच जागी म्हटले होते. माझ्याजवळ पुरावा नव्हता. आज मला वाटते, तो आपल्याच मालाने मेला असेल; तेही मला नक्की ठाऊक नाही. पण या माणसावर मी घेतलेला आळ खोटा होता, आणि तो मी मागे घेतो.’ तरुण व्यापाऱ्यांना विषय नीट कळला नाही. कोणी तरी विचारले, ‘कुत्र्याला बेदाणा चालत नाही?’ आप्पांनी त्यांना चालत नाही म्हणून सांगितले, चॉकलेटही चालत नाही, आणि खाल्ले तर किती खाल्ले ते तोलून घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा, म्हणून सांगितले. म्हातारा मागे एका पोत्यावर काठी टेकून बसला होता. एक जुना हमाल त्याच्यापाशी गेला आणि त्याने चहा मागवला. मग पहिल्या ढिगाचा सौदा पुकारला गेला.